मदत हवी आहे: कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या आसपास कुणाकडे दगडी जातं आहे का?
मंडळी, इथे कृष्णवर्णीय, मेक्सिकन, फिलिपिनो आणि आम्हा देशी बायकांची महिन्यातून एकदा कार्यशाळा भरते. आपापल्या आज्यांचा वारसा आणि मनातली दुखणी, दोन्हींवर बोलायचं. गेल्या खेपेला एकीनं आजीच्या हातची क्विल्ट आणली. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडलेली, अगदी आपली गोधडीच! सगळ्याच रडलो.

आता पाळी माझी. जात्यावरच्या ओव्या घेणार आहे. 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळाच्या) संग्रहात लाखाहून जास्त आहेत, त्यातल्या सासुरवासाच्या नेमक्या कुठल्या घेऊ? इंग्रजीत सांगताना 'बाई गं'चं काय करायचं?

आणि मुख्य म्हणजे, एका दिवसापुरतं जातं हवंय. खुंटा सैल असला तरी चालेल. मी येऊन नेईन, परतही आणून देईन. मिक्सर लावून ओव्या म्हणायची वेळ आणू नका!