अनुभव: कोकणातली फिरती विक्री आणि वेळेचं गणित

धोपावेकर: काल धोपाव्याच्या जेट्टीवर बोटीचा भोंगा ऐकला आणि २००९ आठवलं. बिस्किटांची लाइन बघायचो. सकाळी दाभोळ, मग बोटीने खाडीपलीकडे गुहागर असा बीट, म्हणजे ठरलेला फेरा. दाभोळात जुन्या उधारीवरून बोलणं लांबलं, बोट डोळ्यांदेखत सुटली. गुहागरला पोचलो तेव्हा एक वाजून गेलेला, बाजारपेठ चिडीचूप. व्याडेश्वराच्या देवळात चार वाजेपर्यंत बसून होतो. तेव्हापासून आधी बोटीची वेळ लिहितो, मग दुकानदारांची वामकुक्षी, उरलेल्या वेळात कॉल, म्हणजे दुकानांच्या भेटी. वसुली मात्र शेवटच्या दुकानात. तुमचे अनुभव लिहा.

खळ्यातलो: दुपारी दुकानदाराक उठवूचा नाय. ऑर्डर ऱ्हवली बाजूक, वरसभर तोंड फिरवता. माझो बापूस दुकानदार होतो, म्हणान सांगतंय.

एमआर चिपळूण: दादा, ते दुपारचे तीन तास मी डीसीआर (दिवसभरातल्या भेटींचा रिपोर्ट) भरते आणि लेकीला शाळेतून आणते. डॉक्टर ओपीडी संपताना दोनच मिनिटं देतात, म्हणून एका भेटीत एकच औषध. जुलै २०२१ च्या पुरानंतर महिनाभर बॅग उघडलीच नाही. केमिस्टकडे चिखल काढायला गेले. टार्गेट गेलं, वरून बोलणी बसली. पण ती माणसं आजही मला थांबवून ठेवत नाहीत.

हर्णै बंदर: ताई, बरं केलंत 🙏 मी जाळी-दोर विकतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे नाखवा घरी, जाळी विणत बसलेला. सगळे म्हणतात पावसात धंदा नाही, माझ्या निम्म्या भेटी तेव्हाच होतात. नारळी पौर्णिमा झाली की नाखवा किनाऱ्यावर सापडत नाही. मग पहाटे लिलावाच्या वेळी नुसता नमस्कार करायचा, वही काढायची नाही.

रत्नांग्री: धोपाव्याची चहाची टपरी आहे का अजून?

धोपावेकर: आहे, आता मुलगा बघतो. आलं तसंच घालतो.

रत्नांग्री: वा! बाकी पावसाळी वेळापत्रक लागलं की रेल्वेच्या भरवशावर सकाळची भेट ठरवू नका. मी आदल्या रात्रीच मुक्कामाला जातो.

नवीन पोरगा, देवगड: पहिलाच महिना आहे. साहेब रोज पंचवीस दुकानं मागतात, वाड्या लांब लांब. अठरा होतात. काय करू?

हर्णै बंदर: दुपारी वाड्यांतली घरगुती दुकानं घे, ती मागच्या दाराने उघडी असतात. पण हाक मारून जा.

खळ्यातलो: आणि जेवलंस काय ता सांग आधी.