जहाजावरून मध्येच उतरावं लागलं तर

*ए-३०२:* नमस्कार. तीन कुटुंबं मिळून क्रूझ ठरवतोय. आजी-आजोबा, चार मुलं, त्यात एक आठ महिन्यांचं बाळ. आगाऊ रक्कम उद्या भरायची आहे. पासपोर्ट आणि विम्याचं नंतर बघू असं सगळ्यांचं म्हणणं. सोसायटीच्या ग्रुपवर माहितगार मंडळी आहेत म्हणून विचारते, नंतर चालेल का?

*बी-५०४:* नाही चालणार, ताई. पासपोर्ट आज रात्री काढून बघा, उद्या पैसे भरा, आणि विमा पैसे भरले त्याच दिवशी घ्या.

*बी-५०४:* आणि प्रत्येक माणसाचं नाव घेऊन एकच प्रश्न विचारा. तिसऱ्या बंदरात याला रात्रीतून जहाजावरून उतरवावं लागलं, तर तो तिथून विमानाने घरी येऊ शकतो का, आणि खर्च कोण करणार? पहिल्या अर्ध्याचं उत्तर पासपोर्ट आणि व्हिसा, दुसऱ्याचं विमा. क्रूझ सुरळीत पार पडली तर कशीही कागदपत्रं खपून जातात. मध्येच उतरावं लागलं की खरी परीक्षा होते.

*ए-३०२:* पासपोर्टवर नक्की काय बघायचं? सगळ्यांचे चालू आहेत.

*बी-५०४:* "चालू आहे" एवढं पुरत नाही. बहुतेक ठिकाणी क्रूझ *संपते* त्या तारखेपासून पुढे सहा महिने मुदत लागते. लोक जहाज सुटायच्या तारखेपासून मोजतात आणि फसतात. क्रूझ २० डिसेंबरला संपत असेल, तर पासपोर्ट किमान २० जूनपर्यंत चालू हवा. युरोपातल्या शेंगेन देशांचा (एकच व्हिसा चालतो तो गट) नियम वेगळा आहे: तिथून बाहेर पडल्यावर तीन महिने मुदत, आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा. पण जहाज कंपनीची अट सहा महिन्यांची असेल तर तीच लागू होते, कारण तुम्हाला गोदीवर अडवणारा माणूस कंपनीचा असतो.

मुलांचे पासपोर्ट आधी बघा. त्यांची मुदत बऱ्याच देशांत पाचच वर्षांची असते, त्यामुळे मोठ्यांचा दहा वर्षांचा हिशेब डोक्यात ठेवून मुलांची तारीख हुकते. घरात सगळ्यात आधी संपणारा पासपोर्ट हमखास मुलाचाच निघतो.

*सी-१०१:* फोटोचं पान सुटलेलं, पाणी लागून फुगलेलं, कडा फाटलेली असेल तर बदलून घ्या. आजोबांचा पासपोर्ट वर्षानुवर्षं कपाटात असेल तर वाळवी-ओल दोन्ही बघा.

*बी-५०४:* बरोबर. आणि नाव. क्रूझच्या बुकिंगवर पासपोर्टवरचंच नाव, अक्षर न् अक्षर. घरातल्या हाकेचं नाव नको, लग्नाआधीचं आडनाव नको. प्रवाशांची यादी कंपनी आधीच बंदरांना पाठवते. नंतर किरकोळ स्पेलिंग दुरुस्त होतं, पण पूर्ण नाव बदलणं म्हणजे माणूस बदलणं धरतात आणि नवं बुकिंग करायला लावू शकतात.

*डी-२०३:* बुकिंगनंतर पासपोर्ट नवा करून घेतला तर?

*बी-५०४:* नंबर बदलतो. क्रूझच्या ऑनलाइन चेक-इनमध्ये नवा नंबर टाकावा लागतो. जुन्या पासपोर्टात व्हिसा शिल्लक असेल तर काही देश दोन्ही पासपोर्ट जोडीने दाखवले की मान्य करतात, अमेरिका त्यातलीच. पण ऑनलाइन मिळणारी प्रवास-परवानगी, उदाहरणार्थ ब्रिटनची ईटीए, पासपोर्टच्या नंबराला बांधलेली असते. पासपोर्ट बदलला की ती नव्याने घ्यायची. इथे बरेच जण चुकतात, कारण परवानगीच्या ईमेलवरची मुदत अजून शिल्लक दिसत असते.

*ए-३०२:* व्हिसाचं सांगा ना. भूमध्य समुद्राची क्रूझ आहे. अथेन्सजवळच्या पिरेअसहून निघून तुर्कस्तानातलं कुशादासी, मग रोड्स आणि परत पिरेअस.

*बी-५०४:* मग हे नीट वाचा. पिरेअसला तुम्ही शेंगेनमध्ये. कुशादासी शेंगेनच्या बाहेर. रोड्सला आलात की शेंगेनमध्ये *दुसऱ्यांदा* प्रवेश. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो पिरेअसलाच वापरून झाला. मल्टिपल एंट्री, म्हणजे अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मागा, आणि अर्जासोबत बंदरांच्या तारखांसकट पूर्ण वेळापत्रक जोडा, म्हणजे मल्टिपल का हवा ते कागदावर दिसेल. तुर्कस्तानचं जे काही लागत असेल ते वेगळं.

एड्रियाटिक समुद्राची क्रूझ असेल तरी हीच गोम. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, म्हणून तिथलं डुब्रोवनिक बंदर चालतं. शेजारचं कोटोर माँटेनेग्रोत, म्हणजे बाहेर. नकाशावर दोन बोटांचं अंतर, पण मध्ये सरहद्द.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. १५ दिवसांवर कधीच जाऊ नका, सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळच मिळत नाही. अर्ज कोणत्या देशाकडे? जिथे मुक्काम सगळ्यात जास्त त्या देशाकडे. समसमान असेल तर जिथून पहिला प्रवेश, त्या देशाकडे. तुमच्या बाबतीत दोन्ही हिशेबांनी ग्रीस.

*डी-२०३:* "आम्ही बंदरावर उतरणारच नाही, मग व्हिसा कशाला" असं एकजण म्हणत होते.

*बी-५०४:* कंपनी हे ऐकून घेत नाही. वेळापत्रकातल्या प्रत्येक देशाची कागदपत्रं नसतील तर पहिल्याच बंदरावर चढू देत नाहीत आणि पैसेही परत नाहीत. कारण तेच: आजारी पडलात तर उतरवावं लागणार. सिॲटलहून निघणाऱ्या अलास्का क्रूझ कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थोडा वेळ थांबतात. त्या तेवढ्या थांब्यासाठीही, पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे त्याप्रमाणे, कॅनडाचे कागद बघावे लागतात.

*डी-२०३:* आमचे भाचे अमेरिकी नागरिक आहेत. त्यांना फ्लोरिडाहून कॅरिबियनला पासपोर्ट लागत नाही म्हणे?

*बी-५०४:* अर्धं खरं आहे. अमेरिकेच्या ज्या बंदरातून सुटली त्याच बंदरात परतणारी क्रूझ असेल, तर अमेरिकी नागरिकाला जन्मदाखला आणि सरकारी फोटो-ओळखपत्र चालतं. १६ वर्षांखालच्या मुलांना नुसता जन्मदाखला. तरीही काही बेटं पासपोर्ट मागतातच. मला स्वतःला ही सवलत कुटुंबासाठी घातक वाटते. मुलाचा मेक्सिकोतल्या कोझुमेलला पाय मोडला आणि जहाज पुढे गेलं, तर जन्मदाखल्यावर विमानात बसता येत नाही. आधी वकिलातीतून तातडीचा पासपोर्ट, मग विमान. त्यांचं पासपोर्ट कार्डही समुद्रमार्गे चालतं, आंतरराष्ट्रीय विमानाला नाही. पुस्तकी पासपोर्टच काढायला सांगा. आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या पाहुण्या आजी-आजोबांना ही सवलत मुळीच नाही. त्यांना स्वतःचा पासपोर्ट, परत येताना अमेरिकेत पुन्हा शिरता येईल असा मल्टिपल एंट्री व्हिसा, आणि वाटेतल्या बेटांचे जे असतील ते नियम.

*ए-३०२:* एक भाचा फक्त माझ्याबरोबर येतोय, त्याचे आईवडील नाहीत.

*बी-५०४:* दोन्ही पालकांच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्र. त्यात प्रवासाच्या तारखा, जहाजाचं नाव, कुणाबरोबर जातोय, आणि *तातडीच्या उपचारांना तुम्ही परवानगी देऊ शकता* हे वाक्य हवंच. हे वाक्य नसलं की जहाजावरच्या डॉक्टरला पालकांना फोन लावत बसावं लागतं. जन्मदाखल्याची प्रत सोबत ठेवा. आईचं आणि मुलाचं आडनाव वेगळं असेल तर स्वतःच्या मुलालाही हा दाखला न्यावा.

बाळाचं वय बहुतेक कंपन्या किमान ६ महिने धरतात. सलग तीन किंवा जास्त दिवस समुद्रातच असणाऱ्या प्रवासाला १२ महिने. वय जहाज सुटायच्या दिवशीचं. तुमचं बाळ बसतंय.

*ई-४०४:* आणि गरोदर असेल तर?

*बी-५०४:* प्रवास *संपेपर्यंत* २४ वा आठवडा लागत असेल तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. बुकिंगच्या दिवशीचा आठवडा मोजायचा नाही. डॉक्टरांचं पत्र लागतंच.

*ए-३०२:* आता विमा. तिकिटाच्या पानावर एक टिचकी मारली की मिळतो तो घेऊ का?

*सी-१०१:* थांबा. तो घ्यायचा की नाही ते अटी वाचून ठरवा. जहाज कंपनीचा विमा बहुतेक वेळा क्रूझच्या रकमेपुरता असतो, विमानाची तिकिटं आणि आधीचं हॉटेल त्यात येईलच असं नाही. रद्द झाल्यावर काही योजना रोख न देता पुढच्या क्रूझचं क्रेडिट देतात. क्रेडिट कार्डासोबत येणाऱ्या विम्यात वैद्यकीय रक्कम तोकडी असते आणि सगळं भाडं त्याच कार्डावर भरल्याशिवाय तो लागू होत नाही. साधी परदेश प्रवास पॉलिसी घेतलीत तर "क्रूझ" स्पष्ट समाविष्ट आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी ते वेगळं जोडून घ्यावं लागतं.

*सी-१०१:* रकमेबद्दल माझं मत ठाम आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं कवच लागतं. ती व्हिसाची अट झाली, समुद्रासाठी पुरेल असा अंदाज नव्हे. उपचारांसाठी माणशी किमान १ लाख डॉलर आणि वैद्यकीय स्थलांतरासाठी (रुग्णाला जहाजावरून दवाखान्यात किंवा घरी हलवण्यासाठी) *वेगळे* अडीच लाख डॉलर, याखाली जाऊ नका. आजी-आजोबांच्या पॉलिसीत उपमर्यादा शोधा: एकूण रक्कम मोठी, पण साठीच्या पुढच्यांना खोलीभाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळी छोटी मर्यादा घातलेली असते.

*ई-४०४:* जहाजावर डॉक्टर असतोच ना?

*सी-१०१:* असतो, पण तिथलं दवाखान्याचं बिल तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं आणि उतरण्याआधी कार्डावर वसूल होतं. कॅशलेस धरून चालू नका. आधी भरायचं, मग दावा. दाव्याला खोलीच्या खात्याचा उतारा पुरत नाही. बाबवार बिल आणि डॉक्टरांच्या नोंदींची प्रत जहाज सोडण्याआधीच घ्या, नंतर ईमेलवर मागत बसलात की महिने जातात. आणि स्थलांतर स्वतः ठरवू नका. हेलिकॉप्टर असो की विमान, विमा कंपनीच्या मदत-क्रमांकाला आधी कळवलं नसेल तर पैसे नाकारले जातात. तो क्रमांक फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे. समुद्रात मोबाइलचं नेटवर्क मिळेलच असं नाही. रिसेप्शनवरून उपग्रह फोन लावून देतात.

*ए-३०२:* सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी आहे. सांगायचं?

*सी-१०१:* सगळं सांगायचं, वहिनी. न सांगितलेली गोळी हे दावा फेटाळायचं सगळ्यात सोपं कारण आहे. "आजार स्थिर असावा" अशी अट असेल तर खरेदीच्या आधीचे ६० ते १८० दिवस तपासतात. त्या काळात गोळीचा डोस *बदलला*, कमी झाला तरीसुद्धा, आजार अस्थिर धरू शकतात. काही पॉलिसी ही अट सोडून देतात, पण पहिली रक्कम भरल्यापासून १० ते २१ दिवसांत विमा घेतला तरच. म्हणून "नंतर बघू" महागात जातं.

*ए-३०२:* आणि रद्द करावं लागलं तर?

*सी-१०१:* जहाज कंपनीची कपात पायरीपायरीने वाढते. पूर्ण पैसे भरायची तारीख बहुधा ६० ते १२० दिवस आधी असते. त्यानंतर निम्मे, मग पाऊण, शेवटी सगळे जातात. विमा उतरवताना परत न मिळणारा *सगळा* खर्च धरा.

एकत्र कुटुंबात एक जागा हमखास हुकते, ती म्हणजे "जवळचे नातेवाईक" ही व्याख्या. आजी आजारी पडल्या तर मुलाचं, सुनेचं रद्द करणं बसेल. साडू, व्याही, मावसभाऊ बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत. तीन कुटुंबं एकमेकांवर अवलंबून असतील तर एकमेकांना सहप्रवासी म्हणून पॉलिसीत नोंदवता येतं का ते लेखी विचारा. दोघांच्या खोलीतून एक गळाला तर उरलेल्याला एकट्याचा वाढीव दर लागतो, तोही भरून मिळतो का बघा. आणि मुलं बरोबर आहेत म्हणून: आईवडील दोघं दवाखान्यात अडकले तर मुलांना सोबत देऊन घरी पोचवण्याची सोय आहे का. हे कलम मी सगळ्यात आधी वाचेन.

*बी-५०४:* जहाज चुकणं राहिलं. विमान एक दिवस आधीचं घ्या. विम्यात "निघणं चुकलं" हे कलम असतं, पण विमान आणि जहाज यांत किमान इतके तास हवेत अशी अट असते. पुढच्या बंदरात गाठणं नेहमी शक्य नसतं. अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे: परदेशी झेंड्याच्या जहाजाने, मध्ये दूरचं परदेशी बंदर नसेल तर, अमेरिकेच्या एका बंदरातून चढवून दुसऱ्या बंदरात उतरवायचं नाही. सिॲटलला जहाज चुकलं तर अलास्कातल्या जुनोला चढून सिॲटलला परतता येत नाही. व्हिक्टोरिया जवळचं धरलं जातं.

बंदरावर स्वतः ठरवलेल्या सहलीला गेलात आणि उशीर झाला, तर जहाज थांबत नाही. कंपनीच्या सहलीला थांबतं.

*ई-४०४:* व्हिसा नाकारला किंवा पासपोर्ट अपुरा म्हणून चढू दिलं नाही, तर विमा देतो का?

*सी-१०१:* कागदपत्रं अपुरी असतील तर नाही. व्हिसा नाकारल्याचं कवच काही ठिकाणी जास्तीचे पैसे भरून मिळतं. हरवलेल्या पासपोर्टचा खर्च मिळतो, पण २४ तासांत पोलिसांत नोंद आणि तिची प्रत हवी. स्कूटर, जेट-स्की, डायव्हिंग करणार असाल तर त्यांचं कलम वेगळं वाचा.

*ए-३०२:* पासपोर्ट जहाजावर ठेवून घेतात असं ऐकलं.

*बी-५०४:* काही मार्गांवर घेतात आणि शेवटी परत देतात. म्हणून फोटोच्या आणि व्हिसाच्या पानांच्या रंगीत प्रती प्रत्येकाकडे ठेवा, बंदरावर त्याच न्यायच्या. दुसरं, गोदीवर हमाल मोठ्या बॅगा घेऊन जातात आणि त्या खोलीत संध्याकाळी पोचतात. पासपोर्ट, गोळ्या, संमतिपत्र, बाळाचं दूध हातातल्या पिशवीत.

*ए-३०२:* आज रात्री अकरा जणांचे पासपोर्ट काढून तारखा लिहिते.

*बी-५०४:* रिकामी पानंही मोजा. शेंगेनच्या अर्जाला दोन लागतात.