वांद्रे पश्चिम, एक दिवस : खाणंपिणं, भटकंती आणि सोबत गुडघेदुखी – क्रम कसा लावावा?

कोथरूडची_कैरी

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला एक शनिवार वांद्र्यासाठी ठेवला आहे. माणसं तीन : आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ६८). सासूबाई शाकाहारी, पायऱ्या नकोत, सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात. आम्हाला मासे चालतात, खरं तर पळतात. मुक्काम दादरला, त्यामुळे परतीची घाई नाही.

बघायचं ते असं : माउंट मेरी, किल्ला, रणवारच्या जुन्या गल्ल्या, एखादं बरं कॉफीचं दुकान, समुद्रावर सूर्यास्त. संध्याकाळी जमलं तर एखादा ग्लास. हे कुठल्या क्रमाने करावं? सी लिंकवर चालत जाता येतं का? आणि तिथल्या बिलांबद्दल जे ऐकलंय त्यात कितपत तथ्य?

हिलरोडी

आधी स्टेशन नीट घ्या. नकाशात ‘बांद्रा टर्मिनस’ टाकलंत तर पूर्वेला, खारच्या बाजूला जाऊन पडाल. ते बाहेरगावच्या गाड्यांचं. तुम्हाला लोकलचं वांद्रे हवंय. दादरहून पश्चिम रेल्वेची फास्ट पकडली तर पुढचंच स्टेशन. पश्चिमेला उतरा आणि बाहेर आल्यावर एकदा मागे वळून इमारतीचं छप्पर बघा, रोज जाणारे ते कधीच बघत नाहीत. दादरहून रिक्षा मिळणार नाही, रिक्षांची हद्द माहीमच्या खाडीपाशी संपते. टॅक्सी चालेल. बुधवार असता तर टॅक्सीही नको म्हटलं असतं, कारण त्या दिवशी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाची प्रार्थना असते आणि रस्ता तुंबतो.

क्रम असा लावा : आधी डोंगर, मग गल्ल्या, समुद्र शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. स्टेशनातून हिल रोड धरून खरेदी करत निघतात आणि भर दुपारी पिशव्या घेऊन टेकडी चढतात. तुम्ही स्टेशनबाहेर रिक्षा करून थेट माउंट मेरीच्या माथ्यावर जा. अंतर तीनेक किलोमीटर. मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, म्हणजे पन्नास-पंचावन्नच्या आसपास होतील. नऊच्या आत पोचलात तर उत्तम.

माउंट मेरी, म्हणजे आपली मोत माऊली. आत्ताची इमारत १९०४ची. बाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, घरं मिळतात. ज्याचं मागणं असेल ती वस्तू वाहायची. पायसुद्धा असतात, सासूबाईंना विचारून बघा. समोरच्या बाजूच्या देवस्थानाला पायऱ्या आहेत, ते खालूनच बघितलं तरी चालेल.

इथून बँडस्टँडला केन रोडने उतार आहे, पायऱ्या नाहीत. तरीही सासूबाईंना चालवू नका. दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट. तीच रिक्षा थांबवून ठेवा किंवा दुसरी करा, पाच मिनिटांचं काम आहे.

किल्ला ताज लँड्स एंडला लागून. नाव कास्टेला द आगुआदा, पोर्तुगीजांनी १६४०मध्ये बांधलेला. आगुआदा म्हणजे जहाजांनी गोडं पाणी भरून घ्यायची जागा, गोव्याच्या आग्वादचं नाव त्यावरूनच. आता उरलाय तो दरवाजा आणि थोडी तटबंदी, कारण १७३९च्या सुमारास इंग्रजांनीच त्याचा भाग सुरुंग लावून उडवला. साष्टी मराठ्यांनी घेतली होती, वसईही पडली, पुढचा नंबर मुंबईचा लागेल या धास्तीने. तेव्हा ‘भव्य किल्ला’ डोक्यात घेऊन जाऊ नका. जायचं ते सी लिंक आणि माहीमची खाडी बघायला. वरच्या टप्प्याला पायऱ्या आहेत, खालच्या बागेतूनही पूल पूर्ण दिसतो.

सी लिंकवर पायी जाता येत नाही. दुचाकी आणि रिक्षाही नाही. ५.६ किलोमीटर फक्त गाडीतून, टोल वेगळा. जायचंच असेल तर रात्री दादरला परतताना टॅक्सी त्या बाजूने न्या, पूल वरळीला उतरतो, तिथून दादर लांब नाही.

तिसऱ्या_मसाला

खाण्याचं मी सांगते.

दुपारचं मासे-जेवण जय हिंद लंच होममध्ये. एकच्या आधी पोचा, शनिवारी दीडनंतर बाहेर उभं राहावं लागतं. ऑर्डर देण्याआधी ‘आज ताजं काय’ हे विचारा आणि उत्तराला जरा वेळ लागला तर खूश व्हा, म्हणजे आत जाऊन विचारून येतोय. डिसेंबर मोसमाचा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात बरंचसं बर्फातलं येतं. तुम्हाला ती अडचण नाही.

बोंबील मागवणार असाल तर एक खूण. बोंबलात पाणी फार. चिरून, वजनाखाली दाबून ते काढलं नाही तर तव्यावर सुटतं, रव्याचं कवच भिजतं आणि आत लिबलिबीत राहतं. नीट दाबलेला बोंबील चपटा असतो, मोडला की वरचं कवच कुर्रकन तुटतं. गोल फुगीर तुकडे आले तर दुसरी प्लेट मागवू नका. तिसऱ्या (शिंपल्या) सुक्या मागवा, त्यात घोटाळा व्हायला वाव कमी.

पण सासूबाई कडक शाकाहारी असतील तर त्यांना तिथे नेऊ नका. भाजी मिळेलही, तवा आणि तेल वेगळं असेल याची खात्री नाही. त्यांच्यासाठी पाली नाक्याचं पंजाब स्वीट हाउस किंवा हिल रोडचं एल्को. दोन्ही शाकाहारी. एल्कोच्या पाणीपुरीला लोक लांबून येतात. पाणी तिखट हवं की मध्यम हे आधीच सांगा, चौथ्या पुरीला सांगून उपयोग नसतो. सोपा तोडगा : तिघांनी साडेअकराला एल्कोत खायचं, मग सासूबाईंना कॉफीच्या दुकानात निवांत बसवून तुम्ही दोघांनी माशांना जायचं.

बेकऱ्या विसरू नका, त्यातून डिसेंबर आहे. हिल रोडला होली फॅमिली हॉस्पिटलसमोर हर्श, रोल आणि पफ तिथले. हिल रोडलाच अमेरिकन एक्स्प्रेस बेकरी, मूळ १९०८ची. तुमच्या आठवड्यात प्लम केक, कुलकुल, मार्झिपान, पेरूची लालभडक वडी सगळं आलेलं असेल. मार्झिपान इथे बरेचदा काजूचं असतं, बदामाचं हवं असेल तर विचारून घ्या. केकमध्ये रम आणि अंडं असतं, हेही सासूबाईंना आधी सांगा.

कोथरूडची_कैरी

भारीच! दोघांचेही आभार. साबा (सासूबाई) कडक शाकाहारी आहेत, पण कॉफी त्यांना फिल्टरचीच लागते. ही नवी कॉफी त्यांना झेपेल का? आणि सूर्यास्त बँडस्टँडला बघावा की कार्टर रोडला? खडकांवर उतरून फोटो काढलेले दिसतात, तसं जमेल का?

ओहोटी

खडकांवर उतरू नका, हे आधी. तिथला काळा खडक शेवाळामुळे साबणासारखा होतो, आणि भरती समोरून नाही, बाजूच्या घळींतून मागे शिरते. फोटो काढणाऱ्याची पाठ नेमकी तिकडेच असते. दरवर्षी लोक अडकतात, वाहूनही जातात. कठड्याच्या आत राहून जे दिसतं ते पुरेसं आहे.

भरतीची वेळ घरबसल्या काढता येते, किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा. आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ, साधारण. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो की कृष्ण, मोजणी तीच. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री, म्हणजे संध्याकाळी सहाला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, नेमकी वेळ हवी तर भरतीचं कोष्टक बघा.

याचा तुमच्याशी संबंध असा. डिसेंबरात सूर्य सहाच्या थोडं पुढे बुडतो. त्या वेळी भरती असेल तर बँडस्टँड छान : पाणी जवळ असतं, खडक बरेचसे झाकलेले असतात, वासही नसतो. ओहोटी असेल तर कार्टर रोडला जा. तिथे फरसबंद पट्टा लांब आणि सपाट, बसायला बाक भरपूर, पायऱ्या नाहीत. फक्त ओहोटीला तिवरांच्या बाजूचा चिखल उघडा पडतो आणि दरवळतो, तो टप्पा सोडून बसा. साडेपाचला जागा धरा. सहाला बाक मिळत नाही.

आणि रविवारी जाऊ नका असं सांगणार होतो, तुम्ही शनिवार निवडलाय. बरं केलंत. रविवार संध्याकाळी बँडस्टँडवर ‘मन्नत’च्या फाटकासमोर जी गर्दी असते तिच्यातून वाट काढणं हाच कार्यक्रम होतो.

हिलरोडी

ओहोटींना +१. पाऊणपटीचा हिशेब कोकणातल्या माणसाला पाठ, मुंबईकर ॲप उघडतो.

कॉफीबद्दल. चॅपल रोडला सबको आहे, जुन्या बंगल्यात. तिथला घोटाळा असा होतो की लोक ‘पोअर ओव्हर’ (पुडीवर हळूहळू गरम पाणी ओतून गाळलेली) मागवतात आणि आंबट लागली म्हणून तोंड वाकडं करतात. ती तशीच असते. साधारण १५ ग्रॅम पूड, २४० मिली पाणी, हलकी भाजलेली बी, दूध-साखर नाही. हलक्या भाजणीत फळासारखा आंबटपणा राहतो. फिल्टर कॉफीची भाजणी गडद, वर चिकोरी, वर दूध. दोघींचा काही संबंध नाही. सासूबाईंसाठी गडद भाजणीची, दुधाची मागवा : फ्लॅट व्हाइट किंवा कॅपुचिनो, आणि ‘जास्त गरम’ असं सांगून. नाहीतर या दुकानांत दूध कोमटाच्या जरा वरच असतं, आणि कोमट कॉफी आपल्याकडे अपमान समजतात. कप अडीचशे-तीनशेच्या घरात धरा. बसायची जागा कमी, शनिवारी साडेदहाच्या आत गेलात तर टेबल मिळेल.

रणवारमध्येच वेरोनिकाज आहे, पूर्वी तिथे ज्यूड बेकरी होती. सँडविच एवढं मोठं येतं की दोघांत एक पुरे.

बिलातला_टॅक्स

बिलांचं विचारलं होतं ते राहिलं. मेन्यूतले भाव बहुधा कराविना असतात. जेवणावर ५ टक्के जीएसटी. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट वेगळ्या ओळीत येतो. या दोन ओळी द्याव्याच लागतात. तिसरी ओळ ‘सर्व्हिस चार्ज’, बहुतेकदा १० टक्के, ही ऐच्छिक आहे. काढायला सांगा, काढतात. पण बिल यायच्या आधी सांगितलंत तर कटकट कमी. आणि एक पाहा : सर्व्हिस चार्ज मिळवून झाल्यावर त्या सगळ्यावर जीएसटी लावलेला असतो, त्यामुळे तो काढला की कराची रक्कमही बदलली पाहिजे. नुसती एक ओळ खोडून दिली तर नवीन बिल मागा.

ग्लासाचं म्हणाल तर महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. तरुण दिसत असाल तर ओळखपत्र ठेवा (दिसत नसाल तरी ठेवा, विचारलं की बरं वाटतं). पाली नाक्यावर ‘जनता’ आहे, स्वस्त, गोंगाटाचं, खरं वांद्रं. सासूबाईंसोबत मात्र नको. कॉकटेलच्या जागी साडेसहा-सातला गेलात तर आवाज बोलण्याइतका असतो, नऊनंतर नाही.

गावठाणकर

रणवारबद्दल कुणी नीट लिहिलं नाही, म्हणून.

रणवार ही वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी (वाड्यांपैकी) एक. इथली मूळ वस्ती ईस्ट इंडियन (नाव तसं, पण मूळचे मुंबई परिसरातलेच) ख्रिश्चनांची आणि त्यांची घरची बोली मराठीच. वेगळ्या ढंगाची, पण ऐकून कळते. कॅमेरा काढण्याआधी एखाद्या आजीशी मराठीत बोला, फरक दिसेल. बंगले ओळखायचे ते बाहेरून चढणाऱ्या लाकडी जिन्यावरून, कौलांवरून आणि लांब व्हरांड्यावरून. ती राहती घरं आहेत. जिन्यावर बसून, फाटकाला टेकून फोटो काढू नका. प्री-वेडिंगवाल्यांनी लोकांना इतकं पिडलंय की साध्या माणसालाही आता दरडावतात.

कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस दिसतील. त्यातले बरेच १८९६च्या प्लेगच्या काळात साथ टळावी म्हणून उभारलेले आहेत. चॅपल रोडची भिंतचित्रं सतत बदलतात, इंटरनेटवरचा एखादा जुना फोटो शोधत फिरू नका, त्यावर आता दुसरंच काही रंगवलेलं असेल.

ईस्ट इंडियन जेवण हॉटेलांत जवळपास मिळत नाही, ही खरी खंत. पण बाटली मसाला मिळू शकेल. उन्हाळ्यात वीस-पंचवीस जिन्नस भाजून, कांडून, बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचे, म्हणून हे नाव. तपकिरी काच उजेड अडवते, रंग उडत नाही. हिल रोडच्या नाताळच्या स्टॉलांवर घरगुती विकणाऱ्या बायकांकडे विचारा. भरलेली तारीख विचारा, आणि झाकण उघडून वास घ्यायची परवानगी मागा. नुसता मिरचीचा खाट आला तर सोडून द्या. एका वेळच्या रश्शाला चहाचे दोन चमचे पुरतात, शाकाहारी उसळीलाही चालतो, मसाल्यात मांसमच्छी काही नसतं.

वेळ उरला तर हिल रोडच्या समुद्राकडच्या टोकाला सेंट अँड्र्यूज चर्च, १५७५चं. आवारातला उंच दगडी क्रूस जवळ जाऊन बघा, खिळे, हातोडी, शिडी असं सगळं कोरलंय. आवार सपाट आहे, सासूबाईंना बसायला बाकही आहेत.

कोथरूडची_कैरी

पंचांग काढलं. आमच्या शनिवारी सप्तमी पडतेय, म्हणजे सव्वापाचला भरती. बँडस्टँड ठरलं! मेणाचे पाय घ्यायचे म्हणून साबा आत्ताच तयार आहेत.

ओहोटी

सप्तमी म्हणजे पाणी फार चढणार नाही, लाटा बेताच्याच. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. पण सहाला उतरायला लागलेलं असेल, खडक ओले आणि नुकते उघडे. कठड्याच्या आतच.