भटनागर: लाहोरच्या प्रयोगशाळेतून सीएसआयआरच्या (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या) खुर्चीत

अनघा_रसायन: शांतिस्वरूप भटनागर १९४०पर्यंत लाहोरला पंजाब विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, नंतर एकदम सरकारी संशोधनाचे संचालक झाले. मधल्या काळाबद्दल 'तेल कंपनीचा चिखलाचा प्रश्न सोडवला' एवढंच वाचायला मिळतं. तो प्रश्न नेमका काय होता? आणि त्याचा पुढच्या पदाशी काय संबंध?

कलिलप्रेमी: कंपनी रावळपिंडीची अटक ऑइल. तेलविहीर खोदताना नळातून पातळ चिखल खाली सोडतात. तो खोदणाऱ्या पात्याला गार ठेवतो आणि खडकाचा चुरा वर आणतो. त्यातल्या मातीच्या कणांवर ऋणभार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून चिखल वाहता राहतो. खाली खारं पाणी लागलं की क्षारांचे आयन (विद्युतभारित कण) हा भार झाकून टाकतात, कण एकमेकांना चिकटतात, चिखल थिजतो आणि खोदकाम ठप्प. भटनागरांनी त्यात देशी डिंक घालायला सांगितलं. डिंकाचा थर कणांना चिकटू देत नाही, क्षार असूनही चिखल पातळ राहतो. १९२१ची त्यांची लंडनची डीएस्सी तेलांच्या पृष्ठताणावर होती, त्यामुळे हा विषय त्यांच्या हातातलाच होता.

नीलकंठ_प: मला डिंकापेक्षा पैशाचा भाग मोठा वाटतो. अटक ऑइलमागच्या स्टील ब्रदर्स कंपनीने त्या कामाबद्दल दीड लाख रुपये देऊ केले. भटनागरांनी ते स्वतःसाठी न घेता विद्यापीठातल्या पेट्रोलियम संशोधनाला लावले: मेणाचा वास काढणं, रॉकेलची ज्योत उंच करणं, गंज रोखणं असे नेमके विषय ठरवून. उद्योगाचा पैसा विद्यापीठात कसा वापरायचा, हे त्यांनी पदावर येण्याआधीच करून दाखवलं होतं.

पण श्रेय एकट्याचं नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले रामस्वामी मुदलियार पाठीशी होते म्हणून १ एप्रिल १९४०ला सरकारचं औद्योगिक संशोधन मंडळ आलं आणि भटनागर त्याचे संचालक झाले. मुदत दोनच वर्षं, तरतूद वर्षाला ५ लाख. लवकरच अडचण दिसली: प्रयोगशाळेत तयार झालेली प्रक्रिया कारखान्यापर्यंत पोचवणारं कुणी नव्हतं. म्हणून १९४१मध्ये वेगळी समिती नेमली आणि अशा प्रक्रियांचं स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) पुढच्या संशोधनासाठी वेगळ्या निधीत ठेवायचं ठरलं. त्याच नोव्हेंबरात मध्यवर्ती विधिमंडळाने पाच वर्षं दरसाल १० लाख मंजूर केले. सीएसआयआर त्यानंतरची, २६ सप्टेंबर १९४२ची. १९४०चं मंडळ म्हणजेच सीएसआयआर असं लिहू नका.

अनघा_रसायन: आणि पुण्याची एनसीएल, म्हणजे सीएसआयआरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा?

कलिलप्रेमी: पायाभरणी ६ एप्रिल १९४७, बाळासाहेब खेरांच्या हस्ते. उद्घाटन ३ जानेवारी १९५०, नेहरूंच्या हस्ते. पहिले संचालक मॅकबेन, स्टॅनफर्डचे प्राध्यापक. साबणाच्या द्रावणांवरचं त्यांचं काम प्रसिद्ध आहे, म्हणजे भटनागरांसारखे तेही कलिलांचेच (द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या मिश्रणांचे, जसा तो चिखल) अभ्यासक.