एकाच काउंटीत, तेवढीच जमीन. तरी एकाला अनुदान आणि दुसऱ्याला शून्य का?

बांधावरून:
अमेरिकेतल्या पीक अनुदानाचं गणित समजून घेतोय. आयोवातल्या एखाद्या ग्रामीण काउंटीत दोन शेतकरी धरा, दोघांचा बेस १०० एकर मका. गारपिटीने एकाचं अर्धं पीक गेलं, तरी त्याने निवडलेल्या एआरसीमधून (उत्पन्न हमीपेक्षा घटलं तर भरपाई देणारी योजना) काही नाही. शेजाऱ्याचं पीक उत्तम, पण त्याला पीएलसीचे (भाव ठरावीक किमतीखाली गेला की फरक देणारी योजना) पैसे. नियमात हे बसतं का?

शिवारफेरी:
बसतं. हे पैसे पेरलेल्या क्षेत्रावर मिळतच नाहीत. जुन्या पेरणीच्या नोंदींवरून प्रत्येक फार्म नंबरला ‘बेस एकर’ जोडलेले असतात. मक्याच्या बेसवर सोयाबीन पेरलं तरी हिशोब मक्याचाच, आणि तोही ८५ टक्के एकरांचा.

पीएलसी फक्त भाव पाहते. २०२५ च्या कायद्याने मक्याची संदर्भ किंमत बुशेलला ३.७० वरून ४.१० डॉलर केली (मक्याचं एक बुशेल म्हणजे साधारण २५.४ किलो). समजा देशाचा हंगामी सरासरी भाव ३.९० पडला आणि फार्मचं नोंदलेलं पीएलसी उत्पादन एकरी १२० बुशेल आहे. मग ०.२० × १२० × ८५ = २,०४० डॉलर. शेतात प्रत्यक्ष किती पिकलं, याच्याशी संबंध नाही. यातून ५.७ टक्के सरकारी खर्चकपातीची वजावट होते, म्हणून हाती सुमारे १,९२४ येतात. अनेकांना ही वजावट कार्यालयाची चूक वाटते, ती चूक नसते.

खरीपरब्बी:
आता एआरसी-काउंटी. इथे उत्पादन काउंटीचं धरतात, शेतकऱ्याचं नाही. मागच्या पाच वर्षांतलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वर्ष काढून उरलेल्या तिघांची सरासरी घेतात. ती १८० बुशेल आणि ४.५० डॉलर असेल तर आधारभूत उत्पन्न एकरी ८१० डॉलर. हमी ९० टक्क्यांची, म्हणजे ७२९.

यंदा काउंटीत सरासरी २०० बुशेल पिकले आणि भाव ३.९० राहिला, तर ७८० होतात. हमीपेक्षा जास्त, म्हणून शून्य. गारपीट एका पट्ट्यात झाली, काउंटीची सरासरी हलली नाही. तेच काउंटीत १७० पिकले असते तर ६६३ झाले असते. एकरी तूट ६६, म्हणजे ८५ एकरांना वजावटीपूर्वी ५,६१० डॉलर. एकरी कमाल मर्यादा आधारभूत उत्पन्नाच्या १२ टक्के, इथे ९७.२०.

गारपिटीसाठी खरा आधार पीकविमा आहे, तोही शेताच्या स्वतःच्या उत्पादनावर घेतलेला. एआरसीचा वैयक्तिक पर्याय आहे, पण तो ६५ टक्के बेसवरच देतो आणि त्यात फार्मवरची सगळी पिकं एकत्र धरतात. एका पिकाची तूट दुसऱ्याच्या बरकतीत बुडते.

बांधावरून:
आणि पैसे कधी येतात? कागद कुठले लागतात?

शिवारफेरी:
मक्याचं विपणन वर्ष ऑगस्टअखेर संपतं, त्यामुळे रक्कम काढणीच्या पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरनंतर मिळते. जवळपास वर्षभर वाट. कर्जाचा हप्ता या पैशावर टाकू नये.

आधी काउंटीच्या एफएसए (अमेरिकी कृषी खात्याची शेती सेवा संस्था) कार्यालयातून फार्मचा १५६ईझेड उतारा घ्यावा. बेस आणि पीएलसी उत्पादन त्यावर दिसतं. मग करार, शेती चालवण्याच्या आराखड्याचा सीसीसी-९०२, उत्पन्नाचा सीसीसी-९४१ आणि जमीन-पाणथळ नियमांचा एडी-१०२६. पेरणीची नोंद ५७८ वर. खंडाने जमीन घेतली असेल तर अनुदान कसणाऱ्याचं. वाट्याने असेल तर वाट्याप्रमाणे विभागतं, आणि भाडेपट्ट्यातला वाटा कागदावरच्या वाट्याशी जुळला नाही की प्रकरण अडकतं.

खरीपरब्बी:
एक भर. २०२५ च्या पिकासाठी दोन्हींपैकी जे जास्त ते आपोआप मिळतं. त्या पिकाबाबत तुमचं उदाहरण लागू होत नाही.