पाठीत सुई घेतली, आता बोला

दुपारचं_ऊन
काल एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. मथितार्थ असा: कळा सोसून मूल जन्माला घालणं ही तपश्चर्या आहे, कळा जाणवू नयेत म्हणून पाठीत सुई टोचून घेणाऱ्या हल्लीच्या मुली तिच्यापासून पळतात, आणि म्हणून पुढे त्या कशालाच टिकत नाहीत. लिहिणारे गृहस्थ. खाली बदामांची रास.

मी दोन्ही केलं आहे. पहिल्या खेपेला सुई मागितली नाही, कारण मागता येते हेच ठाऊक नव्हतं. वीस तास कळा. त्यातून काय मिळालं? मुलगी मिळाली, ती तशीही मिळणारच होती. तपश्चर्या वगैरे काही जाणवलं नाही. समोरच्या घड्याळाचा सेकंदकाटा सातावर अडखळतो एवढं लक्षात राहिलं. मुलगी हातात दिली तेव्हा मी म्हणाले, "हिला कुणीतरी घ्या, मला झोपू द्या." या वाक्याची लाज मी दोन वर्षं बाळगली.

दुसऱ्या खेपेला एपिड्युरल, म्हणजे तीच पाठीतली सुई, घेतलं. टोचताना भीती वाटली, पाय जड झाले, अंगाला खाज सुटली, लघवीला नळी लावावी लागली. पण मुलगा बाहेर आला तेव्हा मी त्याच्याकडे बघत होते, घड्याळाकडे नाही.

आणि हे 'पळणं' हल्लीचं नाही हो. 1847 साली एडिंबरात डॉक्टर सिम्प्सनने बाळंतपणात भुलीचं औषध, क्लोरोफॉर्म, वापरला तेव्हा बायबल पुढे केलं गेलं, बाईने वेदनेतच मूल जन्माला घालायचं म्हणून. त्यानेही बायबलमधूनच उत्तर दिलं: आदमची फासळी काढताना देवाने आधी त्याला गाढ झोपवलंच होतं की! 1853 साली व्हिक्टोरिया राणीने आठव्या खेपेला क्लोरोफॉर्म घेतला. आधीची सात तशीच सोसून झालेल्या बाईलाही पळपुटी म्हणणार का?

गुळगुळीत_गोटा
+१. दाढ काढताना भूल नको म्हणणारा एक तरी पुरुष दाखवा.

खोडरबर
दाढ पहिल्याच प्रतिसादात! मी तिसऱ्यापर्यंत वाट बघणार होतो.

रानजाई
लेख पोटतिडकीने लिहिलाय, पण मला बरोबर उलटा अनुभव आहे आणि तो सांगितला की लोक मला त्या गृहस्थांच्या पंगतीला बसवतात.

मला सुई नको होती. तपश्चर्येसाठी नाही. मला चालायचं होतं, पलंगाला धरून ओणवं राहायचं होतं. दर अर्ध्या तासाला कुणीतरी दारातून डोकवायचं, "घेणार का? अजून वेळ गेलेली नाही." सहाव्यांदा नको म्हणायला कळ सोसण्यापेक्षा जास्त ताकद लागली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "सोसल्याबद्दल बक्षीस नाही मिळायचं हं." हे टोमणे मारणं नाही तर काय? तुम्हाला मागता येते हे कुणी सांगितलं नाही, मला नाकारता येते हे कुणी ऐकलं नाही.

शिवाय सुई घेतली की बाळंतपण लांबतं आणि शेवटी सिझर होतं, हे कुणी बोलत नाही.

मोरचूद
आणि कंबर! माझ्या जावेला सुई दिली. आज अकरा वर्षं झाली, कंबर गेली ती गेली.

चिंचोके
मी सुई घेतली नाही. माझीही गेली.

अडगळ
घेतली. ठणठणीत आहे.

खोडरबर
माझी लग्नाआधीच गेली होती. मी पुरुष आहे. माझ्या केसमध्ये दोष कुणाला द्यायचा?

मोरचूद
थट्टा करा. तिला वाकून बादली उचलता येत नाही. आणि बरोबर त्याच जागी दुखतं जिथे टोचलं होतं.

चिंचोके
ताई, कंबर त्याच जागी असते सगळ्यांची.

भूलथाप
पेशाने भूलतज्ज्ञ, नावावरून ओळखलं असेलच. आधी कंबर, कारण धागा तिकडेच चाललाय.

सुई पाठीत राहत नाही. तिच्यातून एक बारीक नळी आत सरकवतो आणि सुई काढून घेतो. जिथे टोचतो त्याच्या वरच मज्जारज्जू संपलेला असतो. टोचलेल्या जागी काही दिवस ठणकतं, ते खरं. पण सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांचा पुढे पाठपुरावा झाला आहे, आणि जुनाट कंबरदुखीत फरक सापडलेला नाही. गरोदरपणात सांधे सैलावतात, भार पुढे येतो, मग महिनोन्महिने पाठ वाकवून पाजणं. दोष मात्र सुईला, कारण तेवढी एकच गोष्ट नेमकी आठवते.

ज्याची तक्रार करायची ते वेगळंच आहे. साधारण शंभरात एकीला सुई जरा खोल जाते आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला भोक पडतं. मग बसलं की डोकं फुटेलसं दुखतं, आडवं झालं की उतरतं. फारच झालं तर तिच्याच हातातलं रक्त काढून पाठीत सोडतो, ते गोठून भोक बुजतं. याशिवाय बीपी उतरू शकतं. काहींना ताप येतो आणि बाळाच्या तपासण्या वाढतात. काहींना एकाच बाजूला बधिरपणा येतो आणि नळी पुन्हा बसवावी लागते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर मीच नाही म्हणतो.

रानजाई, जोर लावायचा टप्पा लांबतो हे बरोबर. सिझरचं प्रमाण वाढत नाही. चिमटा-व्हॅक्यूम लावून बाळ ओढून काढण्याची गरज जुन्या अभ्यासांत वाढलेली दिसायची. 2005 नंतरच्या अभ्यासांत तीही दिसत नाही, आता औषध पातळ देतात.

रानजाई
सिझरचं मागे घेते. लांबण्याचं माझंच बरोबर निघालं, याची नोंद व्हावी.

आणि तुमच्याच पेशातल्या लोकांनी मला सहा वेळा विचारलं, त्यावर एक अक्षर नाही?

भूलथाप
नोंद केली. विचारायला नको होतं. सहा वेळा तर नाहीच. माझं जुनं रडगाणं असं की पहिलटकरणीला हे सगळं आम्ही पहिल्यांदा सांगतो ते दोन कळांच्या मध्ये, दीड मिनिटात. त्या अवस्थेत माणूस स्वतःचं नाव नीट सांगत नाही, जोखीम काय समजून घेणार? सातव्या-आठव्या महिन्यात सांगायला हवं. पण तेव्हा आम्हाला कुणी बोलावत नाही.

सडेतोड_बोल
ती पोस्ट माझ्या मित्राची आहे. त्याने चूक काय लिहिलं? आमच्या आईने पाच जणांना जन्म दिला, एकदाही ओरडली नाही. सोसण्यातून नातं तयार होतं.

दुपारचं_ऊन
ओरडली नाही हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तेव्हा आतच होतात ना?

गुळगुळीत_गोटा
:-)) धागा वसूल.

सडेतोड_बोल
विनोद सोडा. शरीर हे करायलाच बनलंय. जागतिक आरोग्य संघटनाही श्वास, मालिश, विश्रांती यांचीच शिफारस करते.

भूलथाप
2018 ची शिफारस म्हणताय ना? त्याच यादीत, मागणाऱ्या निरोगी बाईला एपिड्युरल द्यावं असंही आहे. पान अर्धंच फाडून आणलंत.

अडगळ
सुई किंवा काहीच नाही, एवढ्या दोनच वाटा का चालल्यात? मी दुसऱ्यांदा गॅस घेतला. अर्धा नायट्रस ऑक्साइड, अर्धा ऑक्सिजन, मुखवटा आपल्याच हातात. कळ सुरू होतानाच ओढायचा असतो; ती शिगेला पोचल्यावर ओढला तर ती ओसरल्यावर चढतो. मी पहिले दोन तास चुकीचाच ओढला आणि नवऱ्यावर खेकसले. दुखणं गेलं नाही, पण त्याचं काही वाटेनासं झालं. पहिल्या वेळी पेथिडिन हे दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं होतं. त्याने मी पेंगले, बाळही पेंगलं, अंगावर प्यायला तयार नव्हतं. ते पुन्हा घेणार नाही.

मोरचूद
गॅसने कंबर दुखते का?

निळी_छत्री
मला दोन्हीकडचं अजब वाटतं. जिचं पोट तिने ठरवावं, आणि आत गेल्यावर मत बदलावंसं वाटलं तर बदलावं. कागदावर लिहून ठेवलं होतं म्हणून कुणी बांधील नाही, इकडेही आणि तिकडेही.

सडेतोड_बोल
तुम्हाला मुलं किती? वांझेला काय कळणार वेणा?

चिंचोके
अॅडमिन, हा प्रतिसाद उडवा.

निळी_छत्री
उडवू नका, राहू दे.

मला मूल नाही, होणारही नाही. पण तीन बाळंतपणांत मी आत होते, दोन बहिणींच्या आणि एका मैत्रिणीच्या. धाकटीला सुई नको होती. चौदा तास तिच्या कमरेखाली मूठ दाबून धरली, माझं मनगट आठवडाभर सुजलेलं होतं. मोठीने पिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडल्यावरच सुई मागितली आणि मग झोपून गेली, मी खुर्चीत बसून तिचं घोरणं ऐकलं. मैत्रिणीला हवी होती, पण पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं होतं आणि डोकं दिसत होतं, वेळच उरली नव्हती. ती मला चावली. खूण आहे.

म्हणींचं काय, कुठेही चिकटतात.

सडेतोड_बोल
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सडेतोड_बोल
ती म्हण वापरायला नको होती. बाकी माझं मत तेच आहे.

खोडरबर
मत कुणी मागितलंय परत? ठेवा.

रानजाई
निळी, शेवटपर्यंत एकच माणूस सोबत असलं की औषधाची गरज कमी पडते आणि सिझरही कमी होतात, याचा अभ्यास झालेला आहे. ते मनगट आधी द्या सगळ्यांना, मग सुईबद्दल भांडू.

दुपारचं_ऊन
हे मान्य. माझ्या वीस तासांत एकूण मिळून तासभर कुणी जवळ होतं. तरी सांगते, कुणी असतं तरी दुसऱ्यांदा मी सुईच घेतली असती.

रानजाई
घ्या हो. मी कुठे दारातून डोकावतेय?

पाऊलखुणा
इथे पहिल्यांदाच लिहितेय. चौतिसावा आठवडा. सगळं वाचलं, पण ठरेना. एकच विचारते: सुई घेताना हलायचं नाही म्हणतात. नेमकी तेव्हाच कळ आली तर?

निळी_छत्री
येतेच. मोठीला आली होती. पाय खाली सोडून बसायचं, उशी पोटाशी, हनुवटी छातीला, पाठ मांजरासारखी बाहेर. समोर कुणाच्या तरी खांद्यावर कपाळ टेकवायचं. कळ येतेय असं वाटलं की "आली" म्हणायचं, डॉक्टर हात थांबवतात. ओसरली की "गेली" म्हणायचं. मोठी "आली" म्हणाली आणि तिने माझ्या खांद्याचा कपडा दातात धरला, पण पाठ तसूभर हलली नाही.

भूलथाप
यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

पाऊलखुणा
खांदा कुणाचा चालेल?

निळी_छत्री
जो हलणार नाही त्याचा. माझ्या मेहुण्याला भोवळ आली होती.

मोरचूद
कंबरेचा वेगळा धागा काढलाय. जावेलाही बोलावलंय.