सत्राची तयारी किती करावी?

प्रश्न: आम्ही पाच जण दर रविवारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकत, पात्रे वठवत खेळायच्या साहसकथेच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो आणि डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, मी असतो. मागच्या सत्रासाठी मी किल्ल्याच्या अकरा दालनांचे नकाशे काढले होते. खेळाडू मात्र वेशीवरच्या दोरखंड विकणाऱ्या म्हाताऱ्याशी दोन तास घासाघीस करत बसले. मग एवढी तयारी करावी तरी कशासाठी?

प्रतिसाद १: नकाशे जपून ठेवा, खेळाडूंनी ते पाहिलेलेच नसल्याने दुसऱ्या किल्ल्याला खुशाल लावता येतील. मी कथानक लिहीतच नाही. खलनायकाला काय हवे आहे आणि कोणी अडवले नाही तर तो पुढे काय करील, एवढेच वहीच्या एका पानावर उतरवतो, शिवाय दहा-बारा नावे, कारण ऐनवेळी पहारेकऱ्याचे नाव मला कधीच सुचत नाही.

प्रतिसाद २: लढाईच्या बाबतीत मी असहमत आहे. राक्षसांच्या ताकदीचे आकडे आधी काढले नाहीत, तर लढाई एक तर रटाळ होते, नाही तर सगळे मरतात. इतर कृतींसाठी वीस बाजूंच्या फाशावर सोप्याला १०, मध्यमला १५ आणि अवघडला २० हे गाठायचे आकडे पाठ असले की पुरते.

प्रतिसाद ३: सत्र संपतानाच ‘पुढच्या वेळी कुठे जाणार?’ असे खेळाडूंना विचारा आणि तेवढ्याचीच तयारी करा.

प्रश्नकर्ता: विचारले. त्यांना पुन्हा त्या म्हाताऱ्याकडेच जायचे आहे.